मराठी दैनिकांच्या संपादकांस: जाहिराती अडविणाऱ्या वाचकाचे अनावृत पत्र

संपादक महोदय,



आपल्यापैकी कित्येकांच्या संकेतस्थळांवर, ज्या वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर बसविला आहे त्याच्यासमोर, बातमी उघडण्यापूर्वीच एक चौकट उभी राहते; आमची पत्रकारिता जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते, आपण त्या जाहिराती अडवीत आहात, तरी कृपया हा अडसर दूर करावा, अशा आशयाची विनंती तीत केलेली असते. विनंतीची भाषा सौम्य असली तरी तिच्यामागे एक आरोप आहे, आणि तो असा की, मजकूर घ्यावयाचा परंतु त्याचे मोल द्यावयाचे नाही, असा हा वाचक फुकट्या आहे. मी असा जाहिराती अडविणारा वाचक आहे. आरोप गंभीर आहे, तो करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच चौकटीच्या कोपऱ्यातील फुलीवर बोट ठेवून निघून जाण्यापेक्षा त्याला सविस्तर उत्तर देणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम आपल्या पक्षात जे सत्य आहे ते मान्य करतो. तालुक्याच्या गावी राहून बाजार समितीतील लिलाव, पंचायत समितीची सभा, धरणातील पाणीसाठा आणि न्यायालयात पुन्हा पडलेली तारीख यांची खबर नित्यनेमाने धाडणाऱ्या बातमीदाराचे मानधन, ती खबर तपासून पानात लावणाऱ्या उपसंपादकाचे वेतन, आणि अब्रुनुकसानीच्या दाव्यात दैनिकाच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकिलाची फी, हा सारा खर्च कोणीतरी सोसतो तेव्हा बातमी आमच्यापर्यंत पोहोचते. छापील अंकाची किंमतदेखील उत्पादनखर्चाहून पुष्कळ कमी ठेवलेली असते व मधली तूट जाहिरातदार भरून काढतो, याचा वाचकांना सोयीस्कर विसर पडलेला असतो. अमेरिकेतील ‘आर्स टेक्निका’ या तंत्रविषयक नियतकालिकाने 2010 च्या मार्चमध्ये, जाहिराती अडविणाऱ्यांना बारा तासांपुरता मजकूरच दिसू नये अशी व्यवस्था करून पाहिली, आणि त्यानंतर त्याचे संपादक केन फिशर यांनी वाचकांपुढे एक मुद्दा मांडला: पुष्कळशा जाहिरातींचा मोबदला त्या नुसत्या दाखविल्या गेल्या तरी मिळतो, वाचकाने त्यांवर टिचकी मारलीच पाहिजे असे नाही. ‘मी तशीही ती जाहिरात उघडली नसती, मग अडविली म्हणून बिघडले कोठे?’ असे जे वाचक म्हणतात, त्यांचा युक्तिवाद या एका मुद्द्याने निकालात निघतो. जाहिरात अडविल्याने आपले नुकसान होते. ते होत नाही असे सांगून मी स्वतःची सुटका करून घेणार नाही.

जाहिरात या वस्तूशीच माझे वैर आहे, असाही कोणाचा ग्रह होऊ नये. मराठी नियतकालिकांचा इतिहास जाहिरातींना वगळून लिहिता येणारच नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, ती शतकाहून अधिक काळ तगली, याचे श्रेय लेखकांच्या प्रतिभेला आणि संपादकांच्या चिकाटीला आहे, तसेच सहकारी बँका, सराफी पेढ्या, मसाल्यांचे व आयुर्वेदिक औषधांचे कारखानदार यांनी घेतलेल्या पानांनाही आहे. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही तर मुळात एका कारखान्याची खबर ग्राहकांना देणारी पत्रिका होती. तिच्यातूनच पुढे ते मासिक वाढले, ज्याने मध्यमवर्गीय घराघरांत सुधारणेचा व बुद्धिवादाचा विचार पोहोचविला. लंडनच्या ‘टाइम्स’चे पहिले पान 3 मे 1966 पर्यंत छोट्या जाहिरातींनीच भरलेले असे, आणि त्यामुळे त्या पत्राच्या प्रतिष्ठेला बाध आला, असे त्याच्या शत्रूंनीही कधी म्हटले नाही.

आपल्याच दैनिकातील आतल्या पानावरची ‘जाहीर नोटीस’ घ्या. तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत आमच्या अशिलांनी खरेदी करण्याचे योजिले असून, तीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, बोजा अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास त्यांनी लेखी पुराव्यानिशी मुदतीच्या आत हरकत घ्यावी. तशी न घेतल्यास तो हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. पैसे मोजून छापलेली ही जाहिरातच आहे, परंतु गावोगावचे लोक ती अग्रलेखाहून अधिक बारकाईने वाचतात, कारण तीत गट नंबर असतो, क्षेत्र असते, चतुःसीमा असते, वकिलाचे नाव आणि पत्ता असतो. बोलणारा कोण, तो काय बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो, हे सारे उघड्यावर असते. ती वाचणारा इसम कोण आहे, त्याने ती किती वेळ वाचली, वाचून झाल्यावर तो कोणाच्या घरी गेला, याची नोंद ठेवणारा कोणी त्या नोटिशीमागे दडलेला नसतो. अशी जाहिरात अडविण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आता आपल्याच संकेतस्थळावरील एखादे पान साध्यासुध्या मोबाईलवर, कोणताही रोधक न लावता, उघडून पाहावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. आपल्या कचेरीतील वेगवान संगणकावर ते जसे दिसते तसे ते आपल्या बहुसंख्य वाचकांना दिसत नाही. समजा, लासलगावच्या बाजारातील कांद्याच्या भावाची बातमी आहे. मथळा दिसतो, पहिल्या ओळीवर नजर टेकते न टेकते तोच सारा मजकूर एकाएकी खाली घसरतो, कारण वरच्या अंगाला मागाहून आलेल्या जाहिरातीने आपली जागा घेतलेली असते. वाचक पुन्हा ओळ शोधतो, तो तळाकडून दुसरी पट्टी वर येते व अर्धा पडदा व्यापते. ती मिटविण्याची फुली इतकी बारीक असते की अंगठा हटकून जाहिरातीवरच पडतो आणि वाचक भलत्याच दुकानात जाऊन पोहोचतो. परत यावे तर एक चलच्चित्र आपोआप बोलू लागते. बातमीच्या शेवटी ‘आपल्यासाठी निवडक’ अशा शीर्षकाखाली बातम्यांच्या मथळ्यांच्या रांगेत, त्याच टायपात, पोटाची चरबी आठवड्यात उतरविणारे चूर्ण आणि घरबसल्या श्रीमंत करणारी योजना अशा बेमालूमपणे बसविलेल्या असतात की, आपल्या दैनिकावर विश्वास ठेवणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाने त्याही आपणच छापल्या आहेत असे समजावे. त्या विश्वासाची किंमत त्या चूर्णवाल्याने आपणांस काय दिली, हे मला ठाऊक नाही. ती कितीही असली तरी अपुरीच आहे.

आणि तरीही हा दिसणारा उपद्रव मी गौण मानतो. खरा आक्षेप न दिसणाऱ्या व्यवहाराला आहे. पान उघडताक्षणीच, मथळा पडद्यावर उमटण्याच्याही आत, वाचकाचा लिलाव होतो. तो कोणती बातमी उघडीत आहे, त्याचा मोबाईल कोणत्या बनावटीचा आहे, त्याचे इंटरनेट कोठून येते, पुष्कळदा तो कोणत्या शहराच्या कोणत्या भागात आहे, आणि मागल्या वाचनावरून त्याला ओळखता यावे म्हणून त्याला चिकटविलेला क्रमांक कोणता, एवढी माहिती एका बाजारपेठेकडे जाते. बाजारपेठ ती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांना एकदमच कळविते. सेकंदाच्या अल्पशा भागात बोली पुकारल्या जातात आणि जिची बोली सर्वांत मोठी तिची जाहिरात पानावर येते. जिंकणारी कंपनी एक असते, परंतु माहिती हरलेल्या सर्वांनाही मिळून चुकलेली असते, आणि तिचे ते पुढे काय करतात याचा हिशेब कोणीही कोणाला देत नाही. कांद्याच्या भावाचे ठीक आहे. पण मधुमेहावरील लेख, कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या सवलतीची माहिती, घटस्फोटाच्या कायद्याविषयीचा सल्ला, हेही लोक आपल्याच पानांवर, आपल्यावरील विश्वासाने वाचतात.

या बाजारात आपले मुखत्यार कोण आहेत, हे पाहण्याची एक सोपी वाट आहे. 2017 पासून रूढ झालेल्या प्रथेनुसार मोठी संकेतस्थळे आपल्या मूळ पत्त्यावर ‘ॲड्स’ या नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवतात, आणि आपल्या जाहिरातींच्या जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला दिला आहे याची यादी तीत असते. ही फाइल कोणालाही उघडता येते, आणि मोठ्या वृत्तस्थळांच्या बाबतीत ती शेकडो ओळींची भरते. आपण आपल्या दैनिकाची यादी कधी वाचली आहे काय? तिच्यातील किती नावे आपल्या परिचयाची आहेत? त्यांपैकी कोणी आपल्या जाहिरात विभागाच्या दारात कधी आले होते काय? छापील अंकातील एका कॉलम सेंटिमीटरचा दर कोणी कोणाशी ठरविला, हे आपल्या दप्तरी नोंदलेले असते. येथे आपल्या नावावर चाललेल्या व्यवहाराचे दप्तर आपल्याकडे नाही.

वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: हा अंक अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केला. 1867 च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकांची नावे देणे बंधनकारक केले. परकी राज्यकर्त्यांचा त्यामागील हेतू काहीही असो, जे छापले गेले त्याला उत्तर देणारा मनुष्य नावानिशी सापडला पाहिजे, हा दंडक त्यामुळे आपल्या व्यवसायात रुजला. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनेही संपादकाला जाहिरातींसह सर्व मजकुराबद्दल जबाबदार धरले असून, ती जबाबदारी नाकारावयाची असेल तर तसे आधीच स्पष्ट नमूद करण्यास सांगितले आहे. संकेतस्थळावरील जाहिरातीला मात्र कोणी धनी उरलेला नाही. एकाच क्षणी एकाच बातमीशेजारी दोन वाचकांना दोन भिन्न जाहिराती दिसतात, आणि त्यांपैकी एकही आपण पाहिलेली नसते, येण्यापूर्वी नाही आणि येऊन गेल्यानंतरही नाही. 2016 च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘बीबीसी’ यांच्यासारख्या मातब्बर संस्थांच्या स्थळांवर याच वाटेने घातक प्रोग्राम शिरले. जाहिरातीला स्पर्शही न करता, केवळ पान उघडल्यामुळे वाचकांचे संगणक धोक्यात आले. त्या संस्थांच्या संपादकांनी त्यात काही अपराध केला नव्हता, त्यांना त्याची वार्ताही नव्हती, आणि मला भयंकर वाटते ते हेच. पुढे 21 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेच्या एफबीआयने, शोधयंत्रांवरील जाहिरातींच्या मिषाने लोकांना बनावट स्थळांकडे नेणाऱ्या भामट्यांविषयी इशारा देणारे पत्रक काढले, आणि बचावाच्या उपायांत ॲडब्लॉकरचा उल्लेख केला. ज्या साधनाची शिफारस एक पोलीस यंत्रणा नागरिकांना करते, ते वापरणाऱ्याला आपण चोर ठरवू शकत नाही.

यावर असे सांगितले जाते की, विनामूल्य मजकूर व जाहिराती यांच्यामध्ये एक अलिखित करार आहे, आणि ज्याने मजकूर घेतला त्याने कराराची दुसरी बाजूही पाळली पाहिजे. करार म्हटला की त्याच्या शर्ती उभय पक्षांना विदित असणे आले. जाहिरात नजरेखालून घालण्याची शर्त मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ती त्याने विनातक्रार पाळली आहे; परंतु माझे वाचन, माझा ठावठिकाणा, माझे आजार आणि माझी आर्थिक ओढाताण यांची टिपणे त्रयस्थांनी ठेवावीत, ही शर्त मला कोणी केव्हा वाचून दाखविली? रोज पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पाठोपाठ दहा अनोळखी इसम उंबरठा ओलांडून घरात आले आणि फडताळातली औषधे व भिंतीवरची देणेकऱ्यांची यादी उतरवून घेऊ लागले, तर त्यांच्या तोंडावर दार लावणाऱ्या गृहस्थाने वृत्तपत्राचे पैसे बुडविले, असे कोणी म्हणणार नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी असे सांगितले, आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. वडिलांच्या मोबाईलवर दहावीचा निकाल पाहण्यासाठी आपले पान उघडणारी मुलगी त्या लिलावात कोण म्हणून उभी केली जाते, याचे उत्तर आपणांपैकी कोणाजवळ आहे?

आणखी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपण पाठविता तो मजकूर आणि तो कसा मांडावा याविषयीच्या सूचना. पान प्रत्यक्ष रचले जाते ते माझ्या यंत्रावर, माझ्या विजेवर आणि मी भरलेल्या डेटाच्या पैशांतून. माहितीजालाची घडणच तशी आहे, आणि तिच्यामुळेच एखादा अंध वाचक आपला अग्रलेख कानांनी वाचू शकतो, एखादी वृद्ध वाचक अक्षरे दुप्पट मोठी करू शकते, आणि कोणी चित्रे वगळून केवळ मजकूर पाहू शकतो. यांपैकी कोणालाही आपण करारभंगाचा दोष देत नाही. इंटरनेटच्या तांत्रिक रचनेवर देखरेख ठेवणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने 2020 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, हितसंबंधांचा विरोध येईल तेथे इंटरनेट वापरणाऱ्या सामान्य माणसाचे हित श्रेष्ठ मानावे, अशी भूमिका घेतली आहे. माझ्या यंत्रावर कोणाचा प्रोग्राम चालावा हे ठरविण्याचा अधिकार मजकूर वाचल्यामुळे माझ्या हातून जात नाही.

जर्मनीत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ‘बिल्ड’ आणि ‘वेल्ट’ ही दैनिके चालविणाऱ्या ॲक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ‘ॲडब्लॉक प्लस’ हा रोधक बनविणाऱ्या आयओ या कोलोनच्या कंपनीवर दावा गुदरला. 19 एप्रिल 2018 रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निवाडा दिला की, असा रोधक उपलब्ध करून देणे ही अनुचित स्पर्धा नव्हे, कारण तो वापरावयाचा की नाही हे वाचक स्वतः ठरवितो, आणि प्रकाशकाला अशा वाचकास मज्जाव करण्याची मुभा आहेच. स्वामित्वहक्काच्या अंगाने दाखल झालेला दुसरा वाद मात्र त्याच न्यायालयाने 2025 च्या जुलैत फेरविचारार्थ हँबुर्गच्या न्यायालयाकडे परत पाठविला. म्हणजे कायद्याची बाजू अद्याप पुरती मिटलेली नाही. ती कशीही मिटली तरी नीतीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही, आणि मी आपणांशी बोलत आहे तो नीतीविषयी.

नीतीची गोष्ट काढली म्हणजे रोधक तयार करणाऱ्यांनाही तीच फूटपट्टी लावली पाहिजे. याच आयओ कंपनीने 2011 पासून ‘स्वीकारार्ह जाहिरातीं’ची यादी चालविली असून, तीत समाविष्ट होणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून ती त्याबद्दल पैसे घेते. वाचकाच्या संरक्षणासाठी उभारलेल्या अडसरातून वाट काढून देण्याचा मोबदला ज्यांना अडवायचे त्यांच्याकडूनच वसूल करणे, हा व्यवहार जर्मन न्यायालयाने बेकायदा ठरविला नसला तरी मला तो अशोभनीय वाटतो. याच्या उलट दाखला मार्को आर्मेंट या प्रोग्रामकाराचा आहे. 2015 च्या सप्टेंबरमध्ये त्याने आयफोनसाठी ‘पीस’ नावाचा रोधक विक्रीस ठेवला. तो हातोहात खपू लागला असतानाच, चांगल्या-वाईट सर्वांना सरसकट फटका देणारे हत्यार विकण्यात समाधान नाही, असे म्हणून त्याने अवघ्या दोन दिवसांत ते मागे घेतले. मी त्याच्या निर्णयाशी सहमत नाही; पण यशाच्या शिखरावर असताना स्वतःला असा प्रश्न विचारणारा मनुष्य या व्यवसायात दुर्मीळ आहे, आणि आपल्या बाजूनेही कोणी तसा प्रश्न विचारावा अशी माझी इच्छा आहे. मी स्वतः वापरतो तो ‘यूब्लॉक ओरिजिन’ रेमंड हिल यांनी 2014 पासून रचलेला मुक्त प्रोग्राम आहे. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे, आणि त्याचा कर्ता त्यासाठी देणगीदेखील स्वीकारीत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या दुनियेलाही या मोहाने सोडले नव्हते. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ‘उबुंटू’ या विनामूल्य संगणकप्रणालीत अशी योजना आली की, मनुष्य स्वतःच्याच यंत्रावरील एखादी फाइल शोधू लागला तरी त्याने टंकलेले शब्द ती प्रणाली बनविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि ॲमेझॉनचा विक्रीयोग्य माल त्याच्यापुढे मांडला जाई. उत्पन्नाची निकड खरी होती. तरीही मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला हेरगिरी म्हटले, आणि आक्षेपाचे नेमके स्थान दाखवून दिले: जाहिरात दिसते याला त्यांची मुख्य हरकत नव्हती, खासगी शोध परस्पर बाहेर जातो याला होती. 2016 च्या आवृत्तीत ती सोय मुळात बंद ठेवण्यात आली. ही संहिता खुली होती म्हणून चोरवाट सापडली व बुजविता आली. आपल्या पानांवरच्या चोरवाटा बुजविण्यास आम्हां वाचकांच्या हाती रोधकाखेरीज दुसरे साधन नाही.

यातून वाचकाची सुटका होते, असे मी समजत नाही. जो जाहिराती अडवितो, ऐपत असून वर्गणी भरीत नाही, आणि तरीही रोज तेच दैनिक वाचतो, त्याच्यापुरता आपला आरोप शब्दशः खरा आहे, आणि अशांची वकिली करण्यास मी येथे उभा नाही. ज्या दैनिकांवाचून माझा दिवस जात नाही त्यांची वर्गणी मी भरतो. परंतु वर्गणी भरून आत शिरल्यावरही तेच टेहळे पानापानावर हजर असावेत, हा अनुभव मला एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. मग वाचकाने नेमके काय दिले म्हणजे त्याला एकांतात वाचता येईल? आणि ज्याची ऐपतच नाही, त्याचे काय? जुना मोबाईल, दिवसाकाठी मोजून मिळणारा डेटा, मंद गतीचे नेटवर्क, आणि त्यावर या साऱ्या लिलावाचे ओझे: या व्यवस्थेचा सर्वाधिक भार तिला नकार देण्याची युक्ती ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर पडतो.

आपण म्हणाल, हे सर्व मान्य, परंतु उत्पन्नाचा दुसरा मार्ग कोठे आहे? या लिलावातून आपल्या पदरात काय पडते, हे तरी एकदा पाहू या. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या ‘इस्बा’ या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून करविलेली पाहणी 2020 च्या मेमध्ये प्रसिद्ध झाली. जाहिरातदाराने खर्च केलेल्या रकमेपैकी सुमारे निम्मीच प्रकाशकापर्यंत पोहोचते, आणि सुमारे 15 टक्के रक्कम कोठे गेली याचा थांगच लागत नाही, असे तीत आढळले. ज्या व्यवस्थेसाठी आपण वाचकाचा विश्वास तारण ठेवला, ती मधल्यामध्ये आपलेच निम्मे उत्पन्न खाऊन टाकते. उलट, नेदरलँड्समधील सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या जाहिरातींची विक्री पाहणाऱ्या ‘स्टेर’ या संस्थेने 2020 च्या प्रारंभी वाचकाचा माग काढणाऱ्या जाहिराती पूर्णपणे सोडल्या व केवळ मजकुराच्या विषयाशी सुसंगत अशा जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. तिचे उत्पन्न घटण्याऐवजी लगोलग वाढले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही 2018 मध्ये युरोपचा विदा संरक्षणाचा नवा कायदा अमलात आल्यावर तेथील वाचकांपुरत्या अशा पाळतीवर आधारलेल्या जाहिराती बंद केल्या, आणि त्याची जाहिरातविक्री कोसळली नाही. या दोन्ही संस्था बलाढ्य आहेत, एकीच्या पाठीशी सरकारी निधी आहे, हे मी विसरलेलो नाही. जळगावच्या वा सोलापूरच्या एखाद्या दैनिकाला त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही. पण जळगावच्या दैनिकापाशी त्यांच्याकडे नाही असे एक भांडवल आहे: त्याचा जाहिरातदार आणि त्याचा वाचक एकाच बाजारपेठेत वावरतात. ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याला केळीच्या भावाच्या बातमीशेजारी जागा हवी असेल, तर वाचक कोण आहे हे शोधण्यासाठी कोणत्याही हेराची गरज नाही. केळीचा भाव कोण वाचतो हे त्यालाही ठाऊक आहे आणि आपणांसही.

यासाठी गांधीजींच्या वाटेने जाण्यास मी आपणांस सांगत नाही. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून जाहिराती काढून टाकल्या, पुढे ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ही जाहिरातींवाचून चालविले, आणि पत्राचा भार वाचकांच्या वर्गणीवर टाकला, ते व्रत प्रत्येक दैनिकाला झेपेल असे नाही, आणि झेपलेच पाहिजे असेही नाही. माझे मागणे पुष्कळ लहान आहे. आपल्या जाहिरात विभागाने स्वतः मिळविलेली, आपल्यापैकी कोणीतरी डोळ्यांखालून घातलेली, बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दाखविलेली, आणि आपल्याच सर्व्हरवरून बातमीबरोबर येणारी, न हलणारी, न बोलणारी जाहिरात आपण पानावर लावावी. बहुतेक रोधक एखाद्या विशिष्ट स्थळापुरते बंद ठेवता येतात. जे दैनिक असे करील त्याच्यासाठी मी तो त्याच दिवशी बंद करीन, आणि ओळखीच्या वाचकांनाही तसे करण्यास सांगेन. आपल्या त्या शेकडो ओळींच्या यादीतील ज्यांना आपण ओळखत नाही त्यांची मुखत्यारी रद्द करावी. वर्गणीदाराला पाळतीपासून मुक्त ठेवण्याचे लेखी आश्वासन वर्गणीच्या पावतीवरच द्यावे. आणि ज्याला वर्षाची वर्गणी एकदम भरणे जड जाते त्याला छापील अंकाप्रमाणे एका दिवसाचा अंक यूपीआयने विकत घेण्याची तजवीज करावी. चहाचे पैसे ज्या वाटेने टपरीवाल्याकडे जातात त्या वाटेने ते आपल्याकडे येण्यास तांत्रिक अडचण नसावी.

या पत्रातील ज्या विधानाला आपली हरकत असेल ती आपण आपल्या स्तंभातून सकारण मांडावी. विशेषतः वर विचारलेल्या एका प्रश्नाचा, म्हणजे आपल्या स्थळावरील जाहिरातींच्या जागा आज कोणकोण विकतो आणि त्यांपैकी कोणाची आपण हमी घेता, याचा खुलासा प्रत्येक संपादकाने आपापल्या सहीने प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे.



आपला,
एक वर्गणीदार वाचक